अठरा वर्षं छापा

आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं मोकळ्या मनानं वाचाल. तुमच्या डब्यात जपून ठेवलेलं ते नाणं पस्तीस लाखांचं नाही. ट्रॅक्टरचं चित्र असलेली पाचाची नोटही नाही. देवीचं चित्र असलेलं पाच रुपयांचं नाणं पाच रुपयांचंच आहे. दुकानात द्या आणि बिस्किटाचा पुडा घ्या. मोबाईलवर जो माणूस नाण्यांच्या ढिगापुढं बसून 'घरबसल्या लखपती व्हा' म्हणतोय, तो स्वतः झालाय. तुमच्या 'नोंदणी फी'वर झालाय.

हे मी गेली तीन वर्षं जुन्नर आणि आंबेगावातल्या आठवडे बाजारांत ओरडून सांगते आहे. खांद्याला झोळी. झोळीत एक भिंग, सोनाराकडं असतो तसा चिमुकला तराजू, लोहचुंबक आणि मी स्वतः लिहिलेल्या पत्रकांचा गठ्ठा. बाजारात मला 'नाणेवाली' म्हणतात. पत्रकांत भेळ बांधून देतात. देऊ देत. भेळ खाता खाता माणूस खालचं वाचतो, हा माझा अनुभव आहे.

पत्रकं लिहायला मी कॉलेजात शिकले, फीवाढीच्या विरोधात. तिथं पहिला धडा असा की पत्रकात 'कदाचित' हा शब्द घालायचा नाही. नाणी ओळखायला शिकले पुण्यात, एका जुन्या नाण्यांच्या दुकानात. चार वर्षं तिथं नाणी निवडली, जशा आपल्याकडं बायका शेंगा निवडतात तशी. मालक काका दिवसाला दोनच वाक्यं बोलायचे. एक, 'घासू नको.' दुसरं, 'परत बघ.'

दुकान सोडून मी कळंबला घरी आले ते मामामुळं. माझ्या सख्ख्या मामानं ट्रॅक्टरच्या नोटेसाठी आधी नोंदणी फी भरली, मग फाईलची फी भरली, मग समोरच्यानं सांगितलं की नोट न्यायला कंपनीचं हेलिकॉप्टर येणार, त्याच्या उतरण्याची फी वेगळी. मामानं तीही भरली. वर कांद्याचं अर्धं वावर काढून सपाट करून ठेवलं, पांढऱ्या फक्कीनं गोल आखून. दोन महिने तिथं कुणी गुरं बांधली नाहीत. मी विचारलं, "मामा, पाचाच्या नोटेला हेलिकॉप्टर?" तर म्हणाला, "एस्टीनं नेली आन हरवली म्हंजी?"

त्या दिवशी माझं डोकं फिरलं, ते अजून जागेवर आलेलं नाही.

आता धंद्याची गोष्ट सांगते. नाणं बनतं कसं? धातूची कोरी चकती. तिच्या खाली एक साचा, वर एक साचा. यंत्र ठोका मारतं आणि दोन्ही बाजू एकदम उमटतात. ठोके खाऊन खाऊन साचा दमतो. त्याला तडा जातो, मग नाण्यावर केसासारखी उठलेली रेघ येते. साच्यात तेलकट मळ भरतो, मग एखादं अक्षर बुजतं. ठोका जरासा हलतो, मग आकड्याला सावली येते. हे सगळे ठोक्याचे दोष. भाकरीवर थापणारीची बोटं उमटतात तसे. अशी नाणी पोत्यानं सापडतात आणि त्यांना कुणी विचारत नाही.

खरी चूक वेगळी. त्यात अख्खी क्रियाच चुकलेली असते. चकती सरकून अर्धं चित्र बाहेर पडलं, चकतीच चुकीच्या धातूची आली, असं काही. ते क्वचित घडतं आणि घडलं तरी टांकसाळीतच पकडलं जातं. त्यातून सुटून बाहेर आलेल्याला शौकीन लोक पैसे देतात. ओळखायचं कसं? स्वतःला एकच प्रश्न विचारायचा : हे यंत्रात झालं की यंत्रातून बाहेर पडल्यावर?

हा प्रश्न लोकांना आवडत नाही. जुन्नरच्या बाजारात एक निवृत्त गुरुजी आले. त्यांच्या रुपयावरच्या वाघाला शिंग होतं. (सिंहाला आमच्याकडं वाघच म्हणतात, मीही म्हणते.) मी म्हटलं, "गुरुजी, साच्याला तडा आहे." गुरुजी म्हणाले, "बाई, हा गेंडा आहे. सरकारनं आतल्या आत राष्ट्रचिन्ह बदलायचं ठरवलं होतं, हा नमुना फुटला." दीड तास ते मला सरकारचं धोरण समजावत होते.

ओझरच्या रस्त्यावर हार विकणाऱ्या एका काकूंनी एका बाजूनं संपूर्ण कोरं नाणं आणलं. क्षणभर मलाही वाटलं, सापडलं. पण तराजूवर ठेवलं तर वजन कमी, आणि कड एकीकडंच शिल्लक. टांकसाळीत बाजू कोरी राहिली तर धातू कुठं जात नाही, वजन पुरतं भरतं. मी विचारलं, "काकू, हे होतं कुठं?" म्हणाल्या, "उंबऱ्यात. सासऱ्यानं ठोकलं व्हतं, लक्ष्मी म्हनून." म्हणजे तीन पिढ्यांच्या पायांनी ती बाजू पुसलेली. काकू म्हणाल्या, "मंग आमच्या पायांचं किती येतील?"

आणि एक बहाद्दर चंद्रकोरीसारखं कापलेलं नाणं घेऊन आला, 'यंत्रानंच कापलंय ताई' म्हणत. त्याच्या अंगठ्याला पट्टी होती. मी नाणं पाहिलंच नाही. म्हटलं, "ग्राइंडर कुणाचा?" तो म्हणाला, "मेव्हन्याचा."

अशी तीन वर्षं गेली. शेकडो नाणी पाहिली, एकही खरी चूक निघाली नाही. मग मी पत्रकात ठळक अक्षरात छापलं : 'जुन्नर-आंबेगावात फिरणारं एकही नाणं छापील किमतीपेक्षा जास्त मोलाचं नाही. एकही नाही!' पुढं दोन उद्गारचिन्हं आणखी होती.

हेच पत्रक घेऊन मंचरच्या बाजारात ठकूबाई माझ्यासमोर उभ्या राहिल्या. सत्तरीच्या, हातात मेंढ्या हाकायची काठी, कपाळभर कुंकू.

"हे तू लिवलंस?"

"हो."

"मंग हितं काय बोंबलतीस? हितं समदीच बोंबलत्यात. आमच्या गावात ये नि बोल."

त्यांचं गाव खडकदरा, डिंभ्याच्या वर डोंगरात. दोन वाड्या. खालच्या वाडीत जुने शेतकरी, वरच्या वाडीत मेंढरं राखणारी घरं. मधे भैरोबाचं देऊळ. चैत्रात जत्रा असते, पालखी निघते. पालखीच्या पुढच्या दांडीला उजव्या अंगाला खांदा द्यायचा तो मानाचा खांदा. तो कुठल्या वाडीनं द्यायचा, हे भैरोबा ठरवतो. ठरवतो म्हणजे गुरव देवापुढं नाणं उडवतो. खालच्या वाडीचा छापा, वरच्या वाडीचा काटा. पिढ्यान्पिढ्या असंच. आणि नाणंही देवाचंच, दोन रुपयांचं, शेंदरानं माखलेलं, देवाच्या पायाशी ठेवलेलं.

"ते नाणं इकाया काढलंय," ठकूबाई म्हणाल्या. "दत्ताभाऊनं फोटू धाडला कुनाला तरी. पस्तीस लाख देतो म्हनला. जत्रंच्या वर्गणीतनं त्याची फी भरायची ठरलंय. आन नाणं गेलं म्हंजी यंदा उडवायचं न्हाई. उडवायचं न्हाई म्हंजी मान गेल्या सालासारखा खालच्या वाडीलाच."

"मग?"

"मग काय? आमचा म्हातारा अठरा वर्सं काटा म्हनतोय. एकदा न्हाई पडला. डाक्टर म्हनला, गुडघं पुढल्या साली चालायचं न्हाईत. त्येला यंदा एकदा म्हनू दे. पडंल न पडंल, देव बघंल. पन म्हनू तर दे."

म्हातारा म्हणजे त्यांचे यजमान, धोंडीबा. वरच्या वाडीचे प्रमुख. त्यांच्या वडिलांनी तीनदा खांदा दिलेला. धोंडीबा प्रमुख झाल्यापासून एकदाही नाही.

अठरा वर्षं सलग! मला हे तेव्हाच खटकायला हवं होतं. नाही खटकलं. माझ्या डोक्यात फक्त तो फोनवाला भामटा होता. मी पत्रकांचा नवा गठ्ठा उचलला आणि निघाले. एस्टी डिंभ्यापर्यंत 'असते', म्हणजे कधी असते कधी नसते. पुढं दुधाच्या जीपमधून कॅनांच्या मधे बसून गेले.

देवळापुढं दोन्ही वाड्या जमल्या होत्या. जत्रेला आठ दिवस होते, त्यामुळं लाउडस्पीकर आधीच बांधलेला. खालच्या वाडीचे प्रमुख आणि जत्रा कमिटीचे अध्यक्ष दत्ताभाऊ यांनी माझं नारळ देऊन स्वागत केलं. पांढरेशुभ्र कपडे, माणूस अगदी नम्र.

"या मॅडम. आमाला वाद न्हाई घालायचा. तुमी फकस्त बघून सांगा, खरं का खोटं. खरं असंल तर फी भरतो, सभामंडपावर सलॅप टाकतो. खोटं असंल तर इषय संपला."

किती सोपं होतं! नाणं बघायचं, 'खोटं' म्हणायचं, जीपनं परत यायचं. पण मी माइक हातात घेतला. माइक हातात आला की माझं असंच होतं.

"बघायचीही गरज नाही!" मी गरजले. "न बघता सांगते, खोटं आहे. आणि खरं निघालं, तर ही माझी पत्रकं मी इथं तुमच्यासमोर खाईन!"

टाळ्या पडल्या. वरच्या वाडीच्या जास्त.

मग नाणं आणायचं ठरलं. शंकर गुरव म्हणाले, देवाची परवानगी लागंल. म्हणजे कौल लावायचा : देवाच्या उजव्या खांद्याला फूल चिकटवायचं, पडलं की हो. फूल चिकटवलं. पाऊण तास झाला, पडेना. लोक बसल्या जागी पेंगायला लागले. शेवटी दत्ताभाऊंनी हळूच टेबलफॅन चालू केला. फूल पडलं. गुरवांनी फॅनकडं पाहिलं, देवाकडं पाहिलं आणि म्हणाले, "दिली."

नाण्यावर शेंदराचा इतका थर होता की ते सुपारीएवढं जाड दिसत होतं. कोपरे मोजून दोन रुपयांचं जुनं, अकरा कोनांचं आहे एवढं कळलं. चुंबकाला चिकटलं नाही, म्हणजे धातू बरोबर. पण वजन घ्यायचं तर शेंदूर काढायला हवा. 'घासू नको,' काका कानात म्हणाले. मी घासलं नाही. वाटीत गोडं तेल मागवलं, नाणं भिजत ठेवलं आणि मऊ कापडानं पुसत गेले. थर सुटत गेले. वाघ दिसला. स्वच्छ, उठावदार. भारत, रुपये, दोनाचा आकडा. सगळं जागच्या जागी. नाणं उलटं केलं. आता नकाशा दिसायला हवा. या नाण्यावर दुसऱ्या बाजूला भारताचा नकाशा असतो, खाली वर्ष असतं. ती बाजू म्हणजे काटा.

नकाशा नव्हता. वाघच होता. पण आत गेलेला, खोलगट, आणि उजवीचा डावीकडं. 'भारत' उलटं, आरशात दिसतं तसं.

तराजूवर ठेवलं. पुरतं सहा ग्रॅम. भिंग लावलं. कुणी पकडीत दुसरं नाणं दाबून असं केलं असतं, तर समोरचा वाघ चेपला असता. तो जराही चेपलेला नव्हता. 'परत बघ,' काका म्हणाले. परत पाहिलं. चार वेळा पाहिलं.

ही खरी चूक होती. दुकानात चार वर्षांत असं एकच माझ्या हातून गेलं होतं. नाणीवाले त्याला 'लखी' म्हणतात.

तुम्ही माझ्या जागी या. समोर दोन वाड्या, हातात माइक. खरं सांगितलं तर ही माणसं तासाभरात त्या भामट्याला फी भरतील, आणि उद्या दोन्ही तालुक्यांत बोभाटा होईल की नाणेवालीनंच सांगितलं, लाखांची नाणी असतात. तीन वर्षांची मोहीम मातीत. खोटं म्हटलं तर सगळं वाचतं. मामासारखी माणसं वाचतात, वर्गणी वाचते, धोंडीबा वाचतात. आणि कळणार कुणाला होतं? पण मग माझ्यात आणि त्या फोनवाल्यात फरक काय राहिला? तोही नाण्याबद्दल सोयीचं तेवढंच सांगतो.

मी माइक तोंडाशी नेला आणि म्हणाले, "खरं आहे."

मग ठकूबाईंचा आवाज आला. "चटणी देऊ का, कागदाला लावून खायाला?"

मी खाल्लं. एक पत्रक, संपूर्ण, उद्गारचिन्हांसकट. दिला शब्द तो शब्द.

मग सांगत बसले. "किंमत पस्तीस लाख नाही. जाणकार शौकीन मिळाला तर काही हजार. आणि जो जाणकार असतो तो आधी फी मागत नाही, आधी नाणं बघतो!" कोण ऐकतंय? दत्ताभाऊंनी फोन लावला, स्पीकरवर टाकून माइकला धरला. अख्ख्या दरीत आवाज घुमला.

"बोला था ना साहेब! एकदम ओरिजिनल पीस है!"

मी फोनवर ओरडले, "काय ओरिजिनल आहे? काय चूक आहे नाण्यात, सांग!"

"मॅडम, शेंदूर ओरिजिनल है. दोनशे साल पुराना. फी आजच भरा, उद्या रेट गिरेगा."

दोन रुपयांच्या नाण्यावर दोनशे वर्षांचा शेंदूर! पण लोक माना डोलवत होते. दत्ताभाऊ माझ्याकडं वळून हात जोडत म्हणाले, "मॅडम, तुमीच म्हनला खरं हाय. आता तुमीच आडवं येऊ नका राव."

मी हरले होते. माझ्याच खरेपणानं हरले होते. तेवढ्यात ठकूबाई काठी टेकत पुढं आल्या. त्यांनी माझ्या तळहातावरचं नाणं उलटसुलट केलं. एकदा. दोनदा.

"ह्या अंगाला वाघ."

"हो."

"ह्या अंगाला बी वाघ."

"हो. मावशी, त्याचं असं होतं, आधीचं नाणं साच्याला चिकटून बसतं, आणि पुढच्या कोऱ्या चकतीवर साच्याऐवजी तेच आपटतं, म्हणून..."

"ते ऱ्हाऊ दे. मला सांग, काटा कुठंय?"

माइक चालूच होता. 'काटा कुठंय' समोरच्या डोंगरावर आपटून परत आलं.

मी जन्मात इतकी बावळट ठरले नव्हते. चार वेळा भिंगातून पाहून जे मला सुचलं नाही, ते या बाईला उघड्या डोळ्यांनी दिसलं. अठरा वर्षं! दरसाल खालची वाडी म्हणणार छापा, आणि या नाण्याला छाप्याशिवाय दुसरं काही पडताच येत नव्हतं. कुठल्या तरी टांकसाळीत, कुठल्या तरी दुपारी, एक नाणं साच्याला चिकटून बसलं, म्हणून खडकदऱ्यात धोंडीबांना खांदा मिळाला नाही.

आणि या अठरा वर्षांत वरच्या वाडीनं काय काय केलं ते त्या सभेत एकेक बाहेर आलं. देव कोपलाय म्हणून अख्खी वाडी दर रविवारी उपाशी. देवळापर्यंतचा चढ अनवाणी. एका भगतानं सांगितलं की धोंडीबांच्या आज्यानं देवाला सोडलेला मेंढा विकला असणार. तेव्हापासून दरसाल एक मेंढा सोडायचा. कुणी सांगितलं, घरांची दारं देवाकडं पाठ करून आहेत. सात घरांनी दारं बुजवून मागच्या भिंतीला नवी पाडली. न केलेल्या पापाची एवढी शिक्षा मी दुसरीकडं पाहिली नाही.

सगळे गुरवांकडं वळले. शंकर गुरवांनी हात जोडले. "आईची आन, मला ठावं नव्हतं. जुनं नाणं गेलं धरणात, गळ्यातली पिशवी पडली तवा. मी पेटीतलं एक उचललं, शेंदूर लावला. माझ्या डोळ्याला तवापासनं पडदा हाय. दरसाली अंगठ्यानं शेंदूर पुसायचा, वाघ दिसला की छापा म्हनायचा."

"आन दिसला न्हाई तर?" कुणीतरी ओरडलं.

"न्हाई दिसला असं कधी झालंच न्हाई!" गुरव रडकुंडीला आले. "मला वाटायचं, देवाची विच्छा."

गोंधळ उडाला. वरच्या वाडीतले तरणे उठून उभे राहिले. खालच्या वाडीतून आवाज आला, "नाणं खरंय म्हनत्यात मॅडम, मंग निकाल बी खराच!" दत्ताभाऊंनी तर कमालच केली. नाणं हातात घेऊन, वकिलासारखं फिरवत ते म्हणाले, "काटा न्हाई असं कसं? हा आत गेलेला वाघ हाय ना, ह्यो काटा. फुगल्याला वाघ छापा, बसल्याला वाघ काटा. दोन बाजू हायत, मंग दोन निकाल हायत. कधी बसल्याला पडलाच न्हाई, त्येला आमी काय करायचं?"

पत्रकं लिहिणाऱ्या माणसाला इतका निर्लज्ज मुद्दा सुचायला हवा, मला हेवा वाटला.

धोंडीबा पारावर बसून गुडघ्यांवरून हात फिरवत होते. ते एवढंच म्हणाले, "मी पाचव्या साली सोता बघितलं व्हतं. वाघच व्हता." त्यांच्या आवाजात राग नव्हता. अठरा वर्षं ज्याला आपला देव नको म्हणत होता, त्याला आज कळलं होतं की देव काही म्हणालाच नव्हता.

तोडगा काढला ठकूबाईंनी. काठी आपटून म्हणाल्या, "नाणं इकायचं न्हाई. बदलायचं बी न्हाई. हेच नाणं उडवायचं. फकस्त आता अठरा वर्सं छापा आमचा."

हिशेब बरोबर होता. दत्ताभाऊंनी डोकं खाजवलं, कमिटीकडं पाहिलं, देवाकडं पाहिलं. "आन अठरा वर्सांनी?"

"तवा बघू. मी काय एवढी जगत न्हाई."

तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. भामटा. 'साहेब, फी?' दत्ताभाऊ शांतपणे म्हणाले, "न्हाई जमायचं पावणं. नाणं अठरा वर्सं बिझी हाय." आणि फोन ठेवला. तीन वर्षांत माझ्या एकाही पत्रकानं जे साधलं नव्हतं, ते या एका वाक्यानं साधलं.

जत्रेला मला मानाचं बोलावणं आलं. नाणं पडलं की 'मॅडम' बघणार आणि माइकवर सांगणार, असं दोन्ही वाड्यांनी एकमतानं ठरवलं होतं. काय पडणार हे सगळ्यांना ठाऊक. तरी हलगी थांबली. तरी बायकांनी पदर पुढं घेतले. धोंडीबा नवं धोतर नेसून, खांद्यावर घडी केलेलं घोंगडं घेऊन, काठी बाजूला टाकून उभे होते.

गुरवांनी नाणं उडवलं. ते वर गेलं, उन्हात चमकलं, आता त्यावर शेंदराचा फक्त एक टिळा होता. धोंडीबांनी मान वर केली, डोळे मिटले, आणि अठरा वर्षांच्या सवयीनं, पोटातून ओरडले,

"काटा!"

नाणं फरशीवर पडलं, फिरलं, थांबलं.

धोंडीबांनी डोळे उघडले. आपण काय बोललो हे त्यांना आधी ठकूबाईंच्या तोंडाकडं बघून कळलं. देवापुढं तोंडातून गेलेला शब्द मागं घेता येत नाही, हे त्या गावात पोरासोरांनाही माहीत आहे. त्यांचा हात घोंगड्याकडं गेला. खांद्यावरून काढून ते घडी पुन्हा घालायला लागले.

"मॅडम," दत्ताभाऊ म्हणाले. "बघा की. काय पडलंय?"

मी वाकले. उठावदार वाघ. फुगलेला, डोळे वटारून माझ्याकडं बघणारा. मी वर पाहिलं. दत्ताभाऊ नाण्याकडं बघतच नव्हते. ते माझ्याकडं बघत होते, आणि अगदी हळू, माइकला ऐकू जाणार नाही असं म्हणाले, "त्या दिवशी मी सांगितलं व्हतं ना. बसल्याला वाघ."

मी अंगठ्यानं नाणं झाकलं, उचललं, मुठीत घट्ट धरलं. आणि आठ दिवसांपूर्वी ज्या माइकवर खरं बोलण्यासाठी मी कागद खाल्ला होता, त्याच माइकवर सांगितलं, "बसलेला वाघ. काटा."

धोंडीबांची उंची बेताची. पालखी उजव्या अंगाला इतकी कलली की देव घसरू नये म्हणून गुरव शेजारून मुखवटा धरून चालत होते. त्यांना पाचच पावलं झेपली. मग दत्ताभाऊंनी दांडीखाली आपला खांदा सरकवला, पण पुढं नाही, अर्धा हात मागं.

या चुकीचे परिणाम झाले, तेही सांगते. आता त्या नाण्याला अधिकृत काटा आहे, माझ्या साक्षीनं. त्यामुळं अठरा वर्षांचा करार मोडला की टिकला, यावर दोन्ही वाड्यांत खल चालू आहे आणि मला कोर्टाच्या तारखेसारखं बोलावणं येतं. मी नव्या पत्रकात 'एकही नाही' काढून 'बहुधा नाही' असं घातलं. उद्गारचिन्हंही कमी केली. एकदा खाल्ल्यावर त्यांची चव कळते.

बाकी माझं म्हणणं तेच आहे. फी भरू नका. नाणं घासू नका. वजन करा, परत बघा. आणि खडकदऱ्याला कधी गेलात आणि कुणी ते नाणं हातात दिलं, तर मेहेरबानी करून वाघावर अंगठा जरा पसरून धरा.